फिल्म पास, तरी आत फट: रेडिओग्राफी खरी की अल्ट्रासॉनिक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझं काही चुकीचं समजलं असेल तर पुढचं उत्तरही त्या मानाने बदलेल. १४ मिमी जाडीच्या कार्बन स्टील प्लेटची प्रेशर व्हेसल, म्हणजे आतून दाब सोसणारी टाकी आहे. जॉइंट सिंगल व्ही, बाहेरून उघडा, एकूण ६० अंशांचा बेव्हल, म्हणजे दोन्ही प्लेटच्या कडा ३०-३० अंश तिरक्या कापलेल्या. रूट, म्हणजे तळाचा थर, टिग वेल्डिंगने मारलाय आणि वरचे पास, म्हणजे वेल्डचे थर, सीओटू वेल्डिंगने भरलेत. सीमची, म्हणजे वेल्ड केलेल्या सांध्याची, शंभर टक्के रेडिओग्राफी इरिडियमच्या किरणोत्सारी सोर्सने झाली, २४ फिल्म निघाल्या, सगळ्या पास. मग पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, इन्स्पेक्टरने अल्ट्रासॉनिक (ध्वनीच्या इकोवरून तपासणी) लावलं आणि तीन ठिकाणी साइडवॉल लॅक ऑफ फ्युजन, म्हणजे बेव्हलची भिंत वितळून एकजीव झालेली नाही, असं लिहून दिलं. मालक म्हणतात, फिल्म हा हातात धरता येणारा पुरावा आहे, स्क्रीनवरच्या इकोवर जॉब का फोडायचा? इन्स्पेक्टर म्हणतो, उघडा. रेडिओग्राफी करणारी एजन्सी म्हणते, आमचे शॉट नियमाप्रमाणे आहेत. आणि क्वालिटीला नवे म्हणून तुम्ही तिघांच्या मधे उभे आहात. तुम्ही विचारलंय की यातलं खोटं कोण बोलतंय आणि रेडिओग्राफीचा खर्च पाण्यात गेला का. शिवाय पुन्हा शॉट घ्यायचे झाले, तर जेवणाच्या सुट्टीत कामगारांना दहा मीटर लांब उभं करून घेतले तर चालतील का, हेही विचारलंय.

मी २६ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून झाली, पुढे शॉट घेतले, आता बहुतेक वेळ व्ह्यूअरसमोर, म्हणजे फिल्म वाचायच्या प्रकाशपेटीसमोर जातो. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा की तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही. फिल्म खरी आहे आणि इकोही बहुधा खराच आहे. तुम्हाला शोधायचं आहे ते वेगळंच: ती फट तिथे असती, तर त्या मांडणीतल्या त्या फिल्मवर ती उमटली असती का? माझ्या मते नसती. का, ते नीट सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की मालकांना समजावणं तुम्हाला जड जाणार नाही.

रेडिओग्राफी म्हणजे सावली. रॉन्टगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी जो पहिला निबंध दिला, त्यात या किरणांनी काढलेल्या सावल्यांची यादी आहे, आणि तिच्यात आतून एकसारखा नसलेला धातूचा एक तुकडाही आहे. म्हणजे आपला धंदा या शोधाइतकाच जुना आहे आणि त्याचं तत्त्वही तेव्हापासून तेच आहे. वाटेत धातू कमी असेल तिथे किरण जास्त पोचतात आणि फिल्म काळी होते. धातू जास्त असेल तिथे फिल्म उजळ राहते. छिद्र काळं दिसतं, स्लॅग काळपट दिसतो, टिगचा टंगस्टन तुटून आत राहिला तर पांढरा ठिपका दिसतो. फिल्मला आतला दोष असा दिसतच नाही. त्या दोषामुळे किरणांच्या वाटेतला धातू किती कमी झाला, एवढंच तिला कळतं.

फळ्यांच्या भिंतीचं गोठ्याचं किंवा माळ्याचं घर पाहिलं असेल तर आठवून बघा. दोन फळ्यांमधल्या तिरक्या फटीतून ऊन दिवसभर आत येत नाही. सूर्य त्या फटीच्या रेषेत आला की थोडा वेळ उन्हाची लखलखीत पट्टी जमिनीवर पडते आणि सूर्य पुढे सरकला की नाहीशी होते. फट मात्र तिथेच असते. वेल्डमधल्या चपट्या दोषाचं, म्हणजे क्रॅकचं आणि लॅक ऑफ फ्युजनचं, अगदी असंच आहे.

आता तुमच्या जॉबचे आकडे घालून पाहू. समजा बेव्हलच्या भिंतीवर ३ मिमी उंचीचा भाग वितळून एकजीव झालेला नाही आणि तिथली फट ०.०५ मिमी रुंद आहे. किरण त्या फटीच्या बरोबर रेषेत आले, तर त्यांच्या वाटेतला सुमारे साडेतीन मिमी धातू कमी होतो. सावली बारीक आणि थोडी अंधुक पडेल, पण पडेल. किरण १० अंश कलले, तर तीच फट ओलांडताना जेमतेम ०.२९ मिमी पोकळी लागते. तुमच्या एजन्सीने शॉट नेहमीसारखा प्लेटला काटकोनात घेतला असणार. भिंत ३० अंश कललेली आहे, म्हणजे पोकळी फक्त ०.१ मिमी, आणि तीही पावणेदोन मिमी रुंदीत पसरलेली, कुठेही ठळक कड नसलेली. उलट एएसएमई या अमेरिकन कोडच्या तक्त्यानुसार या जाडीला सोर्सच्या बाजूने वायर पेनिट्रामीटर (ठरलेल्या जाडीच्या तारांची पट्टी) लावला, तर साधारण ०.४ मिमीची तार फिल्मवर दिसली की शॉटची संवेदनशीलता पुरेशी धरतात. तुमची फट तारेच्या चौथ्या हिश्शाएवढी. तार स्वच्छ दिसली, नियम पाळला गेला, फिल्म पास झाली आणि फट आतच राहिली. यात एजन्सीची लबाडी शोधायचं कारण नाही.

अल्ट्रासॉनिकला तीच फट का सापडली, याचंही उत्तर याच ३० अंशांत आहे. ६० अंशांचा प्रोब (ध्वनी सोडून इको पकडणारा भाग) प्लेटवर लावला की ध्वनी तिरका खाली जातो, तळावर आपटतो आणि वर येताना तुमच्या बेव्हलच्या भिंतीवर जवळजवळ काटकोनात धडकतो. आरशावर सरळ टॉर्च मारावा तसा इको परत येतो. म्हणजे फिल्म ज्या कोनात सर्वांत आंधळी, नेमक्या त्याच कोनात प्रोबला सर्वांत चांगलं दिसतं. दोन पद्धतींची उत्तरं वेगळी आली याचं आश्चर्य वाटायला नको. असं व्हावं म्हणूनच तर दोन पद्धती ठेवल्या आहेत.

सीओटू वेल्डिंगबद्दल एक गोष्ट मालकांना जरूर दाखवा. वेल्डरची पात्रता ठरवताना एएसएमईच्या सेक्शन ९ मध्ये बेंड टेस्टऐवजी (वेल्डचा तुकडा वाकवून बघण्याऐवजी) रेडिओग्राफी चालते, पण शॉर्ट सर्किटिंग पद्धतीच्या मिग-मॅगला (सीओटू वेल्डिंग त्यातलंच) रेडिओग्राफीची ती सवलत नाही. हे खूप जणांना माहीत नसतं. कमी करंटवर ही पद्धत भिंत न वितळवता नुसती लिंपून पुढे जाऊ शकते. असं झालेलं फिल्मवर दिसेलच याची खात्री नसते, पण तुकडा वाकवला की लगेच उघडं पडतं. खुद्द कोडने या जागी फिल्मवर भरवसा ठेवलेला नाही. तुमच्या वरच्या पासचं सेटिंग त्या पट्ट्यात होतं का, ते आधी तपासा.

आता माझा अंदाज कुठे चुकू शकतो, तेही सांगतो. अल्ट्रासॉनिक काही देववाणी नाही. १४ मिमीसारख्या जाडीत रूटची घडण, कॅपची (सर्वांत वरच्या थराची) कड, आत लागलेली मिसॲलाइनमेंट (प्लेटच्या कडा खाली-वर असणं), यातलं काहीही इको देऊ शकतं, आणि घाईतला ऑपरेटर त्याला दोष समजू शकतो. म्हणून इन्स्पेक्टरकडून चार गोष्टी लेखी घ्या: प्रोबचा कोन, इकोची खोली, सीमच्या मध्यरेषेपासूनचं अंतर आणि लांबी. मग जॉइंटचं पूर्ण मापाचं चित्र कागदावर काढून त्यात तो बिंदू मांडा. बिंदू बेव्हलच्या रेषेवर बसला आणि सीमच्या दुसऱ्या बाजूने प्रोब लावल्यावरही जागा तीच आली, तर शंकेला फार वाव उरत नाही. बिंदू बरोबर रूटच्या मण्यावर किंवा कॅपच्या कडेवर पडत असेल, तर थांबा आणि दुसऱ्या ऑपरेटरकडून पुन्हा करून घ्या.

त्याच वेळी त्या तीन जागांच्या फिल्म मागवा. रिपोर्टवर विसंबू नका, फिल्म हातात घ्या. आधी फिल्म वाचण्याच्या लायकीची आहे का ते बघायचं. गॅमाच्या (इरिडियमसारख्या सोर्सच्या) फिल्मची डेन्सिटी, म्हणजे काळेपणा, वेल्डवर २.० ते ४.० मध्ये हवी. पेनिट्रामीटरची तार वेल्डवर आडवी दिसायला हवी. तो फिल्मच्या बाजूला ठेवला असेल तर शेजारी शिशाचं 'एफ' अक्षर हवं. फिल्मच्या कॅसेटच्या मागे लावलेल्या 'बी' अक्षराची उजळ छाया आली असेल, तर मागून परावर्तित किरण आलेत आणि ती फिल्म बाद. दोन फिल्मच्या मधली जागा सुटलेली नाही, हे लोकेशन मार्करवरून (फिल्मवर जागा दाखवणाऱ्या खुणांवरून) बघा. तीनपैकी एखादी जागा नेमकी दोन फिल्मच्या सांध्यात असते, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

मग खोलीतला दिवा मंद करा, पाच-दहा मिनिटं डोळ्यांना सरावू द्या आणि वेल्डच्या कडेला नजर लावा. स्लॅग वेडावाकडा असतो, गॅसची छिद्रं गोल असतात. प्लेटचा बेव्हल मात्र गॅस कटिंगने किंवा मशीनने सरळ कापलेला असतो. म्हणून वेल्डच्या कडेजवळ, सीमला समांतर, फिकट का असेना पण सरळ रेघ दिसली, आणि तिची एक कड रेखीव व दुसरी विस्कटलेली असली, तर ती वितळायची राहिलेली भिंत असण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा वाचताना ती सुटते, कारण डोळा काळ्या ठिपक्यांच्या मागे असतो. कुठे बघायचं ते अल्ट्रासॉनिकने सांगितल्यावर तीच रेघ दिसते, असं माझ्या बाबतीतही झालंय. एजन्सीच्या माणसाला शेजारी बसवून बघा. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर तो फिल्मकडे बघणार नाही, स्वतःचा बचाव करेल.

सरळ रेघ दिसली की दोष, असंही मात्र धरू नका. माझ्या पाचव्या की सहाव्या वर्षातली गोष्ट. एका बॉयलर ड्रमच्या फिल्मवर मला केसासारखी काळी रेघ दिसली. मी क्रॅक लिहिला. वेल्डरने दोन दिवस ग्राइंडिंग केलं, निम्म्या जाडीपर्यंत गेला, आत काही नाही. पुढच्या आठवड्यात वेगळ्याच जॉबच्या फिल्मवर तीच रेघ त्याच जागी आली. कॅसेटमध्ये फिल्मला लागून असणाऱ्या शिशाच्या स्क्रीनवर ओरखडा होता. चांगलं वेल्ड मी फोडायला लावलं आणि त्या वेल्डरच्या नावावर एक रिपेअर चढली, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून शंकास्पद रेघ दिसली की मी फिल्म तिरकी धरून तिच्या पृष्ठभागावर उजेड पाडतो, कारण खरचटा किंवा डाग असेल तर तो वरूनच दिसतो. त्यानंतर स्क्रीन तपासतो, आणि तरीही शंका उरली तर कॅसेटमध्ये दोन फिल्म घालून पुन्हा शॉट घेतो. खरा दोष दोन्ही फिल्मवर त्याच जागी येतो.

पुन्हा शॉट घ्यायचेच असतील, तर आधीसारखेच घेऊन पैसे घालवू नका. काटकोनातला शॉट दहा वेळा घेतला तरी दहा वेळा पासच होईल. किरण बेव्हलच्या रेषेत यायला हवेत. ज्या बाजूची भिंत तपासायची, त्या बाजूला सोर्स सरकवायचा. प्लेटपासून ५०० मिमी उंचीवर सोर्स असेल, तर सीमच्या मध्यापासून साधारण २९० मिमी बाजूला, म्हणजे ३० अंशांचा कोन मिळतो. फिल्म आतून, सीमला चिकटवून. दोन भिंतींसाठी दोन शॉट. किरणांना १४ ऐवजी सुमारे १६ मिमी धातू पार करावा लागतो, त्यामुळे वेळ थोडा वाढवावा लागेल. सावली बाजूला सरकते, म्हणून लोकेशन मार्कर सोर्सच्या बाजूला सीमवरच लावा, नाहीतर पुढे जागा जुळवताना गोंधळ होईल. वर सांगितलंच आहे की दहा अंशांच्या फरकाने सगळं हातचं जातं, त्यामुळे कोन डोळ्याने ठरवू नका, लाकडी गुण्या करून घ्या. आणि फिटरला विचारून बेव्हल खरोखर ३० अंशांचाच कापला होता का, ते बघा. ड्रॉइंगवरचा कोन आणि ग्राइंडरने जुळवलेला कोन यांत फरक पडतो.

सोर्सबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे इरिडियम-१९२ सगळीकडे वापरतात, कारण तो सहज मिळतो, वीज लागत नाही आणि कॅमेरा, म्हणजे सोर्स ठेवायची पेटी, कुठेही नेता येतो. पण त्याचे किरण १४ मिमी पोलादासाठी जरा जास्तच भेदक आहेत. भेदक किरणांना पातळ प्लेटमधला बारीक फरक जाणवत नाही, म्हणून फिल्म सपाट, करडी येते. युरोपीय पद्धतीच्या आयएसओ १७६३६ मध्ये इरिडियमची शिफारस २० मिमीपासून पुढेच आहे. या जाडीला सेलेनियम-७५ बरा, आणि एक्स-रे मशीन मिळाली तर सर्वांत चांगली. एएसएमईला पेनिट्रामीटर दिसला की पुरतं, त्यामुळे तुमच्या एजन्सीने नियम मोडलेला नाही. पण तिरके शॉट ज्या कारणासाठी घ्यायचेत, त्यासाठी मी तरी एक्स-रेचाच आग्रह धरेन. ते जमत नसेल, तर इरिडियमबरोबर बारीक कणांची संथ फिल्म वापरा. डी-७ जातीच्या फिल्मऐवजी डी-४ घेतली की वेळ बराच जास्त लागतो, पण निकालात फरक दिसतो.

इथे तुमचा जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही, चालणार नाही. समजा कॅमेऱ्यात २० क्युरी (किरणोत्साराचं माप) इरिडियम आहे. उघड्या सोर्सपासून १ मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) डोस मिळतो. अंतर दहापट झालं की डोस शंभरपट घटतो, म्हणजे १० मीटरवर तासाला १ मिलिसीव्हर्ट. तुमचे वेल्डर आणि हेल्पर रेडिएशन कामगार नाहीत, त्यांच्याकडे डोस मोजायचा बॅज नाही. नियमाच्या दृष्टीने ते सामान्य जनता आहेत आणि त्यांची मर्यादा पूर्ण वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. तीन-तीन मिनिटांचे २४ शॉट झाले तर १० मीटरवर उभ्या माणसाची पूर्ण वर्षाची मर्यादा त्या एका दिवसात ओलांडली जाते. कॉलिमेटर (झोत एकाच दिशेला सोडणारं आवरण) लावला की बाकीच्या दिशांना हे खूप कमी होतं, पण तिरक्या शॉटमध्ये मुख्य झोताचीच दिशा बदलते. आधीच्या वेळी जो कोपरा सुरक्षित होता, तो आता बरोबर झोतात येऊ शकतो. म्हणून घेराच्या जुन्या दोऱ्या तशाच ठेवून काम करायचं नाही. कुठवर घेरायचं, ते एजन्सीच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरने नव्याने मोजून ठरवायचं.

काम रात्री, शॉप रिकामं करून, गेटवर माणूस बसवून करा. कॅमेरा हाताळणारा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षित हवा आणि त्याच्या हातात चालू स्थितीतला सर्व्हे मीटर (किरण मोजणारा) हवा. प्रत्येक शॉटनंतर क्रँक फिरवून सोर्स परत घेतला की मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि सोर्स ज्या नळीतून बाहेर जातो त्या गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत जाऊन खात्री करायची. एका साइटवर आमच्या क्रँकचे फेरे पूर्ण झाले, हाताला सगळं नेहमीसारखं लागलं, पण पुढे जाताना मीटरचा काटा खाली येईना. सोर्स पूर्ण आत आलाच नव्हता. आम्ही मागे फिरलो, सगळ्यांना आणखी लांब नेलं, सेफ्टी ऑफिसरला बोलावलं आणि मगच पुढचं केलं. मीटर गाडीत राहिला असता तर मी फिल्म काढायला थेट ट्यूबपाशी वाकलो असतो. किरण दिसत नाहीत, वास नाही, चटका लागत नाही. तुमच्या शॉपमधल्या माणसांसाठी त्या रात्री तुम्हीच उभं राहून हे बघा, एजन्सीवर सोडू नका.

तिरक्या शॉटमध्ये रेघ दिसली, किंवा शॉट न घेताच मालक आणि इन्स्पेक्टर दोघांचं उघडायचं ठरलं, तर तीनपैकी ज्या जागेचा इको सर्वांत ठळक आहे, ती एकच जागा आधी उघडा. आर्क गॉजिंग वापरू नका. गॉजिंगमध्ये धातू वितळून उडून जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. मग 'काही नव्हतंच' आणि 'होतं ते उडालं' असा वाद आयुष्यभर चालतो. पेन्सिल ग्राइंडरने अर्धा-अर्धा मिमी खाली जा, प्रत्येक टप्प्यावर डाय पेनिट्रंट (फटीत शिरून ती दाखवणारा लाल रंग) मारा, इन्स्पेक्टर आणि मालक दोघांना समोर ठेवा, फोटो काढा. इकोने सांगितलेल्या खोलीवर लाल रेघ उमटली की चर्चा संपते. इको ज्या खोलीवर होता त्याच्या २ मिमी खालपर्यंत जाऊनही काही सापडलं नाही, तर थांबा. मग बाकीच्या दोन जागा उघडायच्या आधी अल्ट्रासॉनिकच पुन्हा तपासायचं. खोली सांगणं हे काम फिल्मला जमत नाही, तिच्यावर वरचं आणि खालचं एकाच सपाटीवर येतं. रिपेअर करताना कोणत्या बाजूने शिरायचं, हे ठरवायला म्हणूनही अल्ट्रासॉनिक लागतं.

मालकांचा मुद्दा असा की कोडने रेडिओग्राफी मागितली होती, ती पास आहे, विषय संपला. करारात नेमकं काय लिहिलंय यावर पैशाचं गणित अवलंबून आहे, आणि त्यात मी पडत नाही. अल्ट्रासॉनिक मूळ ऑर्डरमध्ये नसेल, तर तपासणीचा खर्च कोणाचा हे बोलून घ्यायला तुम्हाला पूर्ण जागा आहे. पण दोष खरा निघाला तर तो ठेवता येणार नाही. लॅक ऑफ फ्युजन कितीही लहान असलं तरी कोडमध्ये नापासच आहे, मग ते फिल्मवर दिसो की इकोवर. मालकांना आणखी एक सांगा. या व्हेसलची जाडी काढताना जॉइंट एफिशियन्सी (प्लेटच्या मानाने वेल्डची धरलेली ताकद) १.० धरली आहे, ती पूर्ण रेडिओग्राफीच्या बळावर. नमुन्यादाखल तपासणी असती तर ०.८५ आणि काहीच नसती तर ०.७० धरावी लागली असती. गंजासाठीची वाढीव जाडी बाजूला ठेवली, तर आजची १४ मिमी प्लेट तेव्हा अंदाजे साडेसोळा किंवा २० मिमी लागली असती. म्हणजे वेल्ड प्लेटइतकंच भक्कम आहे, या विश्वासावर त्यांनी आधीच पोलाद वाचवलंय. त्या विश्वासाला आता पुरावा मिळत असेल की तीन ठिकाणी तसं नाही, तर तो झाकता येत नाही. या व्हेसलशेजारी उद्या कोणीतरी आठ-आठ तास ड्युटी करणार आहे.

रेडिओग्राफी वाया गेली का, याचं उत्तर आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. २४ फिल्मनी तुम्हाला सांगितलं की आत गॅसची छिद्रं नाहीत, स्लॅगच्या ओळी नाहीत, आणि टिगचा रूट पूर्ण उतरलाय. रूटमधली अपुरी पेनिट्रेशन उभी असते, किरणांच्या रेषेत येते, म्हणून ती फिल्मवर छान दिसते, आणि तुमच्याकडे ती नाही. ही माहिती मोलाची आहे, आणि ती वीस वर्षांनीही पाकिटातून काढून कोणालाही बघता येईल. प्लेटच्या आतलं लॅमिनेशन (थर सुटणं), तिरकी भिंत, बारीक क्रॅक यांच्यासाठी मात्र दुसरं हत्यार लागतं. जाता जाता एवढंच की तुमचा पुढचा जॉब अलॉय स्टीलचा असेल, तर वेल्ड थंड झाल्या झाल्या शॉट घेऊ नका. हायड्रोजनचा क्रॅक दोन दिवसांनीही फुटतो. संध्याकाळी पास झालेल्या सीमवर तिसऱ्या दिवशी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीने (चुंबक आणि लोखंडी कण वापरून) क्रॅक दाखवलेला मी पाहिलाय, आणि ती पहिली फिल्म आजही निर्दोषच दिसते.

राहिलं मूळ कारण. तीन जागा दुरुस्त करून सीम पुढे पाठवाल, पण पुढच्या व्हेसलमध्ये त्या पुन्हा येतील. सीमचा नकाशा काढून त्यावर तीन जागा, त्यांची खोली, त्या वेळचा वेल्डर आणि पोझिशन मांडा. तिन्ही एकाच खोलीवर असतील तर तो एक विशिष्ट पास आहे. तिथलं करंट-व्होल्टेज बघा. तिन्ही एकाच वेल्डरच्या असतील, तर त्याच्यावर ओरडायच्या आधी त्याच्यामागे अर्धा तास उभे राहा. बहुतेक वेळा गन भिंतीकडे न वळता मध्यावर राहते, किंवा वितळलेला धातू आर्कच्या पुढे वाहतो आणि आर्क भिंतीऐवजी त्या धातूवरच जळत राहतो. आधीच्या पासचा मणी फुगीर असेल तर त्याच्या आणि भिंतीच्या मधे खोबण तयार होते. पुढचा पास टाकण्याआधी ती ग्राइंडरने मोकळी केली नाही, तर तिच्या तळाशी आर्क पोचतच नाही. नवीन सेटिंग ठरलं की त्याच प्लेटचा एक तुकडा वेल्ड करून साइड बेंड टेस्ट (वेल्डचा काप बाजूने वाकवून बघणं) मारून घ्या. एका दुपारचं काम आहे, आणि भिंत वितळते आहे की नाही, याचा निकाल तुमच्या आणि वेल्डरच्या डोळ्यांसमोर लागतो.